राहाल तिथं खेळाल

सिडनीच्या मुख्य रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेला रेडफर्न नावाचं उपनगर आहे. एकेकाळी ही पक्की कामगार वस्ती होती. जवळच एव्हलीची रेल्वे कर्मशाळा, आसपास बुटांचे नि काचेचे कारखाने आणि भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरं. ऑस्ट्रेलियन क्रिकेटचा इतिहास सांगणारे बहुतेक जण मेलबर्न आणि सिडनीच्या भव्य मैदानांपासून सुरुवात करतात. मला तो रेडफर्नपासून सांगावासा वाटतो. त्या देशाच्या क्रिकेटला जी ताकद मिळाली ती अशाच वस्त्यांच्या क्लबांमधून, शनिवारच्या दुपारी आणि बिनपगारी खेळातून मिळाली, अशी माझी पक्की समजूत आहे.

1861-62 च्या हंगामात एच. एच. स्टीफन्सनचा संघ ऑस्ट्रेलियात खेळून गेला. तिथं आलेला तो पहिला इंग्लिश संघ. दौरा संपला, बाकीचे मायदेशी परतले, पण चार्ल्स लॉरेन्स नावाचा खेळाडू सिडनीतच राहिला. अल्बर्ट क्लबनं त्याला प्रशिक्षक म्हणून ठेवून घेतलं. 1864 साली या क्लबचं मैदान रेडफर्नमध्ये सुरू झालं. पहिल्या दौऱ्यानंतर दोनच वर्षांनी दुसरा इंग्लिश संघ आला, आणि त्यातला विल्यम कॅफिन असाच मागे राहिला. आधी मेलबर्नच्या क्लबात आणि मग सिडनीच्या वॉरविक क्लबात तो शिकवायचा. त्याचा मूळ धंदा न्हाव्याचा. सिडनीत नवरा-बायकोनं केशकर्तनाचं दुकानही चालवलं. ऑस्ट्रेलियन क्रिकेटच्या शाळेचे पहिले दोन मास्तर हे असे, पोटापाण्यासाठी थांबलेले व्यावसायिक खेळाडू होते.

फेब्रुवारी 1867 मध्ये लॉरेन्सच्या रेडफर्नमधल्या मैदानावर एक वेगळाच संघ उतरला. पश्चिम व्हिक्टोरियातल्या मेंढपाळीच्या मळ्यांवर राबणारे आदिवासी खेळाडू होते ते. टॉम विल्सनं त्यांना तयार केलं होतं, आणि त्याआधीच्या डिसेंबरात ते मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर खेळून आले होते. ज्या माणसानं त्यांचा दौरा आखला त्यानं पैशांचे वांधे केले आणि संघ सिडनीत अडकून पडला. लॉरेन्स पुढे झाला. त्याच्याच नेतृत्वाखाली हा संघ 1868 मध्ये इंग्लंडला गेला. ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला गेलेला हा पहिला क्रिकेट संघ. त्यानं 47 सामने खेळले, 14 जिंकले, 14 हरले, 19 अनिर्णित राहिले. त्यातला सर्वांत मोठा खेळाडू जॉनी मलाघ. त्या एका दौऱ्यात त्यानं 1,698 धावा काढल्या आणि 245 बळी घेतले.

संघ परतला आणि 1869 मध्ये व्हिक्टोरियात कायदा झाला. आदिवासींनी कुठं राहायचं, कुठं काम करायचं हे सरकारी मंडळ ठरवू लागलं. ज्या संघानं इंग्लंडमध्ये इतकं क्रिकेट खेळलं त्याला पुन्हा एकत्र यायची वाटच उरली नाही. मलाघ थोडे दिवस मेलबर्न क्लबात राहिला आणि मग आपल्या भागातल्या हॅरो गावी परतला. हॅरोच्या क्लबासाठी तो आयुष्याच्या जवळजवळ अखेरपर्यंत खेळला. 1879 मध्ये लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध व्हिक्टोरियाला त्याची आठवण झाली. दुसऱ्या डावात त्यानं 36 धावा काढल्या, संघातल्या सर्वाधिक. त्यानंतर पुन्हा हॅरो. 1891 मध्ये तो गेला. आता बॉक्सिंग डे कसोटीतल्या सर्वोत्तम खेळाडूला त्याच्या नावाचं पदक देतात. पण त्याला जिवंतपणी आपलं मानलं ते एका खेड्याच्या क्लबानं, आणि ते मला पदकाहून मोठं वाटतं.

कॅफिनची शिकवणी वेगळ्या घरी फळली. वॉरविक क्लबात त्याच्या हाताखाली चार्ल्स बॅनरमन नावाचा मुलगा तयार झाला. मार्च 1877 मध्ये मेलबर्नला जो सामना झाला त्याला आपण आज पहिली कसोटी म्हणतो. त्यात ऑस्ट्रेलियाच्या 245 धावांपैकी 165 एकट्या बॅनरमनच्या. चेंडू लागून बोट फाटलं म्हणून त्याला बाहेर जावं लागलं, एरवी काय झालं असतं कोण जाणे. कसोटीतलं पहिलं शतक हे असं क्लबाच्या नेटमध्ये घडलेलं होतं.

तरीही त्या काळच्या क्लबांना एक खोट होती. क्लब म्हणजे खासगी सभासदांचं मंडळ. ज्याच्याकडे पैसा आणि ओळखी, त्याच्याकडे चांगले खेळाडू. बळकट क्लब आणखी बळकट होत, सामने एकतर्फी होत, आणि कारखान्यातल्या पोराला आत शिरायला दार शोधावं लागे. 1893-94 च्या हंगामात न्यू साउथ वेल्सच्या क्रिकेट संघटनेनं ही घडीच मोडली. शहराचे मतदारसंघ धरून विभाग पाडले, प्रत्येक विभागाचा एक क्लब केला, आणि नियम घातला की खेळाडू ज्या विभागात राहतो त्याच विभागाच्या क्लबाकडून खेळेल. पॅडिंग्टन, रेडफर्न, ग्लीब, नॉर्थ सिडनी ही पत्त्यावरची नावं संघांची नावं झाली. पुढच्या काही वर्षांत अ‍ॅडलेड, ब्रिस्बेन आणि मेलबर्ननंही हाच मार्ग धरला.

यालाच ग्रेड क्रिकेट म्हणतात. एका क्लबाचे अनेक संघ असतात, पहिली ग्रेड, दुसरी ग्रेड, अशा पायऱ्या. तिसऱ्या ग्रेडमध्ये चांगली गोलंदाजी केली की पुढच्या शनिवारी दुसऱ्यात नाव लागतं. सामना बहुधा दोन शनिवारांचा: एका आठवड्यात एका संघाची फलंदाजी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची. त्या काळी कसोटी खेळाडूंनाही सूट नव्हती. दौऱ्यावर नसेल तेव्हा तोही शनिवारी आपल्या क्लबाच्या मैदानावर हजर असे. त्यामुळे ज्याचं चित्र पोरानं खोलीत लावलं असेल, त्याला एखाद्या शनिवारी चेंडू टाकायची वेळ त्या पोरावर खरोखर येऊ शकायची. माझ्या मते ऑस्ट्रेलियन क्रिकेटमध्ये याहून शहाणा निर्णय झालेला नाही.

याच पद्धतीतून व्हिक्टर ट्रंपर आला. क्राउन स्ट्रीटच्या सरकारी शाळेतला मुलगा. त्याला शिकवणारा माणूस होता चार्ल्स बॅनरमन. म्हणजे कॅफिननं जे बॅनरमनला दिलं, ते बॅनरमननं ट्रंपरच्या हातात ठेवलं. असं सांगतात की हा मुलगा कुठलाही चेंडू सोडायलाच तयार नसे, आणि बॅनरमन त्याला वारंवार आवरायचा. ट्रंपरनं मास्तरचं हे एवढंच ऐकलं नाही. क्लबांमधला हा हातोहात चालणारा वारसा पुढे किती लांब गेला याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. सिडनीच्या वेस्टर्न सबर्ब्ज क्लबाशी जोडलेला नील डिकोस्टा हा प्रशिक्षक. मायकल क्लार्कला त्यानं लहानपणापासून घडवलं, पुढे फिल ह्यूजलाही. विदर्भ क्रिकेट असोसिएशननं आपल्या नागपूरच्या अकादमीत शिकवायला त्यालाच बोलावलं. इंग्लंडहून रेडफर्नला आलेल्या लॉरेन्सपासून सिडनीहून नागपूरला आलेल्या डिकोस्टापर्यंत ही वाट एकच आहे.

ट्रंपर पॅडिंग्टनचा झाला. 1897-98 च्या ग्रेड हंगामात त्यानं 204.20 च्या सरासरीनं 1,021 धावा काढल्या. विशीतल्या पोरानं शनिवारच्या क्रिकेटमध्ये असा धुमाकूळ घातल्यावर पुढचं दार उघडायला वेळ लागला नाही. 1902 मध्ये तो इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. तो उन्हाळा ओला होता, खेळपट्ट्या चिकट होत्या, आणि तरीही त्यानं 11 शतकांसह 2,570 धावा काढल्या. मँचेस्टरच्या कसोटीत पहिल्याच दिवशी उपाहाराआधी शतक ठोकलं. असं आधी कुणी केलं नव्हतं. तो त्या वेळी जगातला सर्वांत मोठा फलंदाज होता, हे इंग्लंडचे लोकही मान्य करत होते.

आणि परतल्यावर तो आला कुठं? 31 जानेवारी 1903, शनिवार. रेडफर्नचं मैदान. पॅडिंग्टन विरुद्ध रेडफर्न. जगातल्या सर्वांत मोठ्या फलंदाजासमोर उभे होते आठवडाभर आपापली नोकरी-धंदा करून आलेले गोलंदाज. सुमारे तीन तासांत ट्रंपरनं 335 धावा काढल्या. डॅन गीबरोबर सलामीलाच 423 धावांची भागी झाली. त्या काळी कुंपणापलीकडे गेलेल्या फटक्याला पाच धावा मिळत, आणि असे फटके त्यानं कितीतरी मारले. एक चेंडू रस्ता ओलांडून समोरच्या बुटांच्या कारखान्याची खिडकी फोडून आत गेला. ती काच कित्येक वर्षं मुद्दाम तशीच ठेवली होती असं सांगतात. मला त्या दिवशीच्या रेडफर्नच्या खेळाडूंचा विचार करायला आवडतं. दुपारभर ते चेंडूमागे धावले, आणि पुढे आयुष्यभर सांगायला त्यांना एक गोष्ट मिळाली.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, मार्च 1903 मध्ये, सिडनीला लॉर्ड हॉकच्या इंग्लिश संघाचा सामना झाला. त्या संघात बर्नार्ड बोझांकेट होता. त्यानं एक नवीन चेंडू शोधला होता. हात लेगब्रेकचा, पण टप्पा पडल्यावर चेंडू उलटीकडे वळायचा. ऑस्ट्रेलियात टाकलेल्या पहिल्या गुगलीवर त्रिफळा उडाला तो ट्रंपरचाच.

त्या वर्षी आर्थर मेली 17 वर्षांचा होता. रेडफर्नलाच लागून असलेल्या झेटलंडमध्ये जन्मलेला, लहानपणीच शाळा सोडून कामाला लागलेला, काचेच्या कारखान्यात तोंडानं काच फुंकणारा. नंतर पाणीपुरवठा खात्यात मजुरी. बोटं मजबूत झाली, आणि त्याच बोटांनी तो चेंडू फिरवायला शिकला. गुगली त्यानं मनावर घेतली. खोलीच्या भिंतीवर ट्रंपरचं चित्र होतं. खालच्या ग्रेडमधून चढत तो रेडफर्नच्या पहिल्या संघात आला, आणि पुढचा सामना निघाला पॅडिंग्टनशी. ट्रंपर येईल का, आला तर आपल्याला चेंडू मिळेल का, काही अनर्थ होऊन सामनाच रद्द झाला तर, या काळजीत त्या पोरानं दिवस काढले. ट्रंपर आला, आणि मेलीला चेंडूही मिळाला. काही चेंडू झकास फटकावले गेले. मग मेलीनं गुगली टाकली, ट्रंपर पुढं आला, चुकला, यष्टिचीत झाला. जाता जाता त्यानं हसून त्या पोराची पाठ थोपटावी असे शब्द काढले. मेलीनं पुढं आत्मचरित्रात लिहून ठेवलं की त्याला आनंदापेक्षा खंतच जास्त वाटली. आपण काहीतरी सुंदर मोडून टाकलं, अशी.

मेलीची पहिली कसोटी यायला 1920 उजाडावं लागलं, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. त्या मालिकेत त्यानं 36 बळी घेतले. मेलबर्नला एका डावात 121 धावांत 9 बळी घेतले. ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजाची एका कसोटी डावातली सर्वोत्तम कामगिरी म्हणून ती आजही उभी आहे. काच फुंकणाऱ्या या माणसानं पुढे व्यंगचित्रकार म्हणूनही नाव काढलं.

राहाल तिथं खेळायचं, हा नियम सगळ्यांना सारखाच होता. ट्रंपर संसार घेऊन उत्तरेला चॅट्सवुडमध्ये राहायला गेला, आणि पॅडिंग्टनशी इतक्या वर्षांचं नातं असूनही त्याला गॉर्डन क्लबाकडून खेळावं लागलं. त्यानं तक्रार केल्याचं कुठं ऐकिवात नाही. यष्टिरक्षक हॅन्सन कार्टरच्या भागीदारीत त्यानं खेळसाहित्याचं दुकान काढलं. धंदा त्याला जमण्यासारखा नव्हता, कारण गरीब पोर दारात आलं की बॅट फुकट जायची. 28 जून 1915 रोजी मूत्रपिंडाच्या विकारानं तो गेला, वय अवघं 37. वेव्हर्लीच्या दफनभूमीपर्यंत त्याची शवपेटिका ऑस्ट्रेलियाच्या 11 क्रिकेटपटूंनी नेली. पॅडिंग्टनमधल्या त्याच्या जुन्या मैदानाला आता ट्रंपर पार्क म्हणतात.

शहराबाहेर काय चाललं होतं, तेही बघायला हवं. खेड्यांमध्ये हिरवळीची खेळपट्टी क्वचितच. काँक्रीटचा पट्टा, त्यावर काथ्याची मॅटिंग. डिसेंबर 1925 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या डोंगराळ भागात बाउरल आणि विंजेलो या दोन गावांचा सामना होता. विंजेलोचा बिल ओरायली सुट्टीला सिडनीहून रेल्वेनं घरी चालला होता. गाडी बाउरलला थांबली आणि स्टेशनमास्तरनं त्याच्या नावानं हाका मारायला सुरुवात केली. उतर, आज तुला इथंच खेळायचंय. त्याच्या आईनं खेळाचे कपडे आणि बूट पाठवून दिले होते. समोर बाउरलचा 17 वर्षांचा बुटका मुलगा, डॉन ब्रॅडमन. सुरुवातीलाच ओरायलीच्या गोलंदाजीवर त्याचे दोन झेल स्लिपमध्ये सुटले. स्लिपमधल्या कर्णधाराचं लक्ष एकदा पाइप पेटवण्यात होतं. संध्याकाळी ब्रॅडमन नाबाद 234.

आठवडाभर ओरायलीला झोप नीट लागली नसावी. पुढचा शनिवार विंजेलोला होता. पहिलाच चेंडू, पायामागून वळलेला लेगब्रेक, आणि ब्रॅडमनचा त्रिफळा. जगातला सर्वांत मोठा फलंदाज आणि त्या काळातला सर्वांत मोठा गोलंदाज यांची पहिली गाठ ही अशी, दोन खेड्यांच्या शनिवारच्या सामन्यात पडली. कुठल्याही कसोटीपेक्षा मला हा सामना बघायला आवडला असता.

पुढच्या वर्षी सिडनीच्या लोकांनी ब्रॅडमनला बोलावलं. बाउरलपासून सिडनी सुमारे 130 किलोमीटर, गाडीभाडं कोण देणार हा प्रश्न होता. ज्या एका क्लबाकडे आधी विचारणा झाली त्याला ते परवडलं नाही. सेंट जॉर्ज क्लबानं होकार दिला. 27 नोव्हेंबर 1926 रोजी, पीटरशॅमच्या मैदानावर, पहाटे उठून आलेल्या त्या मुलानं हिरवळीच्या खेळपट्टीवरच्या आपल्या पहिल्याच ग्रेड सामन्यात 110 धावा केल्या आणि धावचीत झाला. मध्यरात्रीच्या सुमाराला तो घरी पोचायचा. दर शनिवारी असं.

1928 मध्ये तो सिडनीत राहायला आला, तेव्हा पत्त्याचा प्रश्न उभा राहिला. सेंट जॉर्जकडून खेळायचं तर सेंट जॉर्जच्या हद्दीत राहायला हवं. क्लबाचे पदाधिकारी फ्रँक कुश यांनी रॉकडेलमधल्या आपल्या घरी त्याची सोय केली. जानेवारी 1930 मध्ये सिडनीला क्वीन्सलंडविरुद्ध त्यानं नाबाद 452 धावा केल्या, तेव्हाचा प्रथम श्रेणीतला विश्वविक्रम. त्या वेळचं एक छायाचित्र आहे. म्हातारा चार्ल्स बॅनरमन ब्रॅडमनचं अभिनंदन करतोय. कसोटीतलं पहिलं शतक ठोकणारा, ट्रंपरला शिकवणारा माणूस. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बॅनरमन गेला.

1932 मध्ये ब्रॅडमनचं लग्न झालं, बिऱ्हाड बंदराच्या उत्तरेला मॅकमेहन्स पॉइंटला झालं. आणि ज्याच्या नावावर जगातले सगळे विक्रम होते, त्याला नियमाप्रमाणे सेंट जॉर्ज सोडून 1933-34 मध्ये नॉर्थ सिडनीकडून खेळावं लागलं. त्याच्यासाठी कुणी नियम वाकवला नाही. त्या काळच्या सिडनीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे, त्याचं मोठं कारण हे.

ओरायली शिक्षक झाला. खात्यानं त्याला तीन वर्षं लांबच्या गावांमध्ये ठेवलं. तिथं त्याला शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःलाच शिकवलं. चेंडू धरायची त्याची पद्धत पुस्तकाबाहेरची होती. राज्याच्या सरावाला आला तेव्हा आर्थर मेलीनं, ज्यानं त्याचं जाहीर कौतुक केलं होतं त्याच मेलीनं, ती पकड बदलायचा सल्ला दिला. ओरायलीनं नम्रपणे नकार दिला. तिथं जुन्या पिढीतला चार्ल्स टर्नर होता, ज्याला इंग्लिश फलंदाज ‘टेरर’ म्हणायचे. त्यानं धीर दिला: आहे तसाच टाकत राहा. टर्नरचं ते चार शब्दांचं बोलणं ओरायलीला पुरलं. चांगला शिक्षक कधी हात आखडता घेतो, हेही या क्लबांच्या नेटमध्ये शिकायला मिळायचं.

ओरायली आधी नॉर्थ सिडनीकडून आणि पुढे कितीतरी वर्षं सेंट जॉर्जकडून खेळला. महायुद्ध आलं, कसोटी थांबली, राज्यांची स्पर्धाही थांबली. शनिवारचं ग्रेड क्रिकेट मात्र चालू राहिलं. सैन्यात गेलेल्यांच्या जागा पोरांनी नि म्हाताऱ्यांनी भरल्या, आणि चाळिशीकडे झुकलेला ओरायली सेंट जॉर्जसाठी दर हंगामात डोंगराएवढी षटकं टाकत राहिला. मार्च 1946 मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडविरुद्ध युद्धानंतरची ऑस्ट्रेलियाची पहिली कसोटी झाली. शनिवारांवर तगवलेल्या त्या हातानं पहिल्या डावात 14 धावांत 5 बळी घेतले, दुसऱ्यात 19 धावांत 3. न्यूझीलंड 42 आणि 54 धावांत गारद झाला. गुडघ्यानं साथ सोडल्याचं त्याला कळून चुकलं होतं. सामना संपल्यावर त्यानं पायातले बूट काढले आणि ड्रेसिंग रूमच्या खिडकीतून बाहेर फेकून दिले.